फादरांच्या चष्म्याचे पैसे

महाराष्ट्रात मिशनरी म्हटलं की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गोरा साहेब उभा राहतो आणि त्याच्या मागून येणारा परदेशी पैसा. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आमच्या आळीत, याच्या बरोबर उलटं आहे. इथे मिशनरी म्हणजे शेजारची थोरली, जी बारावी झाल्यावर कॉन्व्हेंटात गेली आणि आज डांगच्या डोंगरात आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवते. मिशनरी म्हणजे माझे धाकटे दीर. ते टांझानियातल्या एका खेड्यात धर्मगुरू आहेत. तिथल्या उन्हाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. तिथल्या अळणी कालवणाबद्दल मात्र प्रत्येक फोनवर काढतात. केळीच्या वाड्या, पानवेली आणि दादरचा फुलबाजार यांवर जगलेल्या या गावांनी गेल्या दोन-तीन पिढ्यांत घरटी नाही तरी कुळटी एक फादर नाहीतर सिस्टर दिली आहे, असं म्हटलं तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही.

त्यामुळे परदेशातून किती येतं, हा आमचा प्रश्नच नाही. इथून जे गेले त्यांना आम्ही, म्हणजे त्यांचं गाव आणि त्यांचं चर्च, कसं सांभाळतो हा आहे. आणि माझं स्पष्ट मत आहे की कामाला देताना आमचा हात सैल असतो, माणसाला देताना तो आखडतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या मिशन मंडळाची जमाखर्चाची वही माझ्याकडे आली. तेव्हापासून हे आकड्यांतच दिसतं, त्यासाठी कुणाच्या मनात शिरावं लागत नाही.

ऑक्टोबरातला शेवटून दुसरा रविवार हा जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये मिशन रविवार. पोप अकरावे पायस यांनी 1926 मध्ये तो ठरवून दिला. आमच्याकडे त्या दिवशी सकाळची मिस्सा संपली की चर्चच्या पटांगणात लिलाव होतो. शनिवार संध्याकाळपासूनच लोक वस्तू आणून ठेवतात: राजेळीचे घड, लाल भोपळे, अळूच्या पानांच्या जुड्या, सुकेळीची पुडकी, घरची अंडी, पाय बांधलेला एखादा कोंबडा, पातेलंभर तळलेले फुगे, मुलींनी पहिल्यांदाच केलेले आणि मधोमध बसलेले केक. बोली पुकारायला बँकेतून निवृत्त झालेले एक काका उभे राहतात. चाळीस वर्षं काउंटरवर खाली मान घालून बसलेला हा माणूस माईक हातात आला की असा काही सुटतो की बायकाही हसून हसून बेजार होतात. साधा नारळ पाचशेला जातो. घेणारा तो तिथेच टेबलावर परत ठेवतो, “पुन्हा लावा,” म्हणतो. एकच नारळ असा तीन-चार वेळा विकला जाताना मी पाहिला आहे. वहीत तो दर वेळी नवीन नारळ म्हणून लिहावा लागतो.

हे सगळं मला मनापासून आवडतं. पण हे पैसे जातात कुठे, असं पटांगणात विचारलं तर जवळजवळ प्रत्येक जण सांगेल, “आपल्या फादर-सिस्टरना.” तसं नाही. मिशन रविवारचं अर्पण धर्मप्रांतामार्फत एका जागतिक सामायिक निधीत जातं आणि तिथून, जगातल्या ज्या धर्मप्रांतांना अजून स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, त्यांना वाटलं जातं. आमच्या नारळाचा रुपया माझ्या दिरांच्या धर्मप्रांतात पोचतही असेल, पण तो वसईचा म्हणून पोचत नाही. व्यवस्था न्याय्यच आहे. नाहीतर ज्याचे नातेवाईक सधन त्याचंच मिशन गब्बर झालं असतं. माझी तक्रार व्यवस्थेबद्दल नाही. त्या रविवारी नारळ घेऊन घरी जाणाऱ्याला आपल्या माणसांचं वर्षाचं देणं फिटलं असं वाटतं, याबद्दल आहे.

या सामायिक निधीची मूळ कल्पना कुठल्या कार्डिनलची नव्हे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात पॉलिन जारिको नावाची तरुणी होती. रेशमाच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे आपल्याकडे पैसा म्हणावं तेवढं नाणं, ती गोळा करू लागली. दहा जणांमागे गोळा करणारी एक व्यक्ती, अशी तिची रीत. त्यातून 1822 मध्ये संस्था उभी राहिली आणि पुढे तिचा पैसा आशियापासून अमेरिकेपर्यंतच्या मिशनांना गेला. जारिको स्वतः मात्र कामगारांसाठी काढलेल्या एका लोखंडाच्या कारखान्यात फसवली गेली, कर्जात बुडाली आणि 1862 मध्ये कंगाल होऊन वारली. चर्चने तिला धन्यवादित घोषित केलं ते 2022 मध्ये. मला तिच्या निधीच्या आकारापेक्षा दहा जणांची ती रीत मोठी वाटते, कारण तिच्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे तोंडओळखीने ठाऊक असतं.

ती वारली त्याच 1862 साली आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियाला रोमने संतपद दिलं. भाषणांत आम्ही त्याला ‘वसईने जपानला पाठवलेला पहिला मिशनरी’ म्हणतो. खरं पाहिलं तर त्याला वसईने पाठवलं नव्हतं. सोळाव्या शतकात इथे जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, नंतर व्यापारात पडला, मग व्यापारही सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन झाला. जपानी उत्तम येत असल्यामुळे दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. आज त्याच्या नावाचं वसईत कॉलेज आहे, गासला चर्च आहे, दर फेब्रुवारीत सण होतो. जिवंत मिशनऱ्यांच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही, हे मी आमच्या सणाच्या समितीत बोलून दाखवलं तेव्हा क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मंडपवाल्याचा विषय निघाला.

आता माझ्या दिरांचं सांगते. घरात मी त्यांना भावजी म्हणते आणि चारचौघांत फादर. माझ्या सासूबाई तर गुरुदीक्षेच्या दिवसापासून पोटच्या मुलाला फादरच म्हणतात, आणि जेवताना “फादर, अजून एक भाकर घ्या,” असा आग्रह करतात. तर मागच्या खेपेला भावजी रजेवर आले तेव्हा त्यांच्या चष्म्याची उजवी काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. नुसती बांधलेली नव्हती. दोरा सैल पडला की तो पुन्हा आवळायला खिशात रीळ होतं. एका भिंगावर आडवा ओरखडा. मिस्सेत वाचन करताना ते पुस्तक जरा डावीकडे धरत. त्याच रविवारी धर्मग्रामाने त्यांच्या मिशनवरच्या विहिरीसाठी मोटरपंपाचे पैसे जमवले होते आणि मिस्सेनंतर टाळ्यांच्या गजरात पाकीट त्यांच्या हातात दिलं होतं. पाकीट चांगलं जाड होतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “भावजी, स्टेशनजवळ डोळे तपासून घ्या, तासाभराचं काम आहे.” तर म्हणाले, “पाहू, वहिनी.” पाहू म्हणजे काय ते मला कळतं. ते व्रतस्थ संस्थेचे आहेत, दारिद्र्याचं व्रत घेतलेले. स्वतःचं असं त्यांच्याकडे काही नसतं. मी पाकिटाकडे बघितलं. ते लगेच म्हणाले, “ते पंपाचे. पंपाचे पैसे चष्म्याला घातले तर पावती कसली दाखवू?”

चष्मा अर्थात आम्ही घरच्यांनी केला. ती रक्कम पंपाच्या वायरीच्याही किमतीएवढी नव्हती. पण दरवर्षी वहीत मला तेच दिसतं: पंखे, घंटा, लाऊडस्पीकर, जीपगाडी, चॅपेलचं छप्पर. या सगळ्यांवर देणगीदाराचं नाव रंगवता येतं. दाढेच्या रूट कॅनालवर रंगवता येत नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरही नाही. वडील गेल्याचा निरोप रात्री आला आणि सकाळच्या विमानाचं तिकीट परवडत नाही, अशा वेळी त्या तिकिटावर कुणाचं नाव येणार? माझे सासरे गेले तेव्हा हेच झालं. भावजी पोचले ते महिन्याच्या मिस्सेला. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, आम्हीही देत नाही. पण धर्मग्रामाच्या तिजोरीत तेव्हा त्यांच्याच मिशनसाठी जमवलेले पैसे होते आणि त्यांतला एक रुपयाही या कामासाठी हलवता येत नव्हता, हे मला अजून खुपतं.

“संस्था बघेल ना,” हे आमचं ठरलेलं उत्तर. संस्था बघतातही, अन्न, निवारा, मोठं आजारपण हे सगळं त्याच पाहतात. पण संस्थांचं स्वतःचं कसं चाललंय? म्हाताऱ्या सिस्टरांची संख्या वाढते आहे, नव्या मुली येईनात. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर-फादरांच्या पगारातून आयकराची कपात होणारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. पगार व्यक्तीच्या हातात राहत नाही, संस्थेकडे जातो, हा युक्तिवाद टिकला नाही. निकाल बरोबर की चूक हे वकिलांनी ठरवावं. एवढं खरं की ज्या पगारातून संस्था म्हाताऱ्यांना पोसत होती त्याला कात्री लागली. अशा वेळी सगळा भार तिच्यावर टाकून आम्ही घंटा देत बसलो, तर त्याला आधार म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट पत्रांची. भावजींचा देणगीदारांसाठीचा वार्षिक मजकूर चर्चच्या फलकावर लागतो. मागच्या वर्षीच्या मजकुरात पावसाने कृपा केली होती, नव्या चॅपेलचं छप्पर चढलं होतं, कितीतरी मुलांचा प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार झाला होता. खाली फोटो, मुलं दात काढून हसताहेत. त्याच आठवड्यात मला त्यांचा आवाजी निरोप आला होता. धर्मशिक्षण देणारा मदतनीस पगार पुरेना म्हणून शहरात निघून गेला. मलेरिया पुन्हा झाला. डिझेल नव्हतं म्हणून दोन गावांची मिस्सा लागोपाठ चुकली. प्रवचनात स्वाहिली अजून अडखळते, म्हातारे पुढच्या बाकावर बसून हसतात, आणि एक आजी नंतर येऊन क्रियापदं सुधारून देते. मी विचारलं, हे का नाही लिहीत फलकावर? तर म्हणाले, “वहिनी, असं लिहिलं तर पुढच्या वर्षी कोण देईल?”

त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही यशाला पैसे देतो, तर ते यश पाठवतात. शिक्षिका म्हणून मला हे चांगलं ठाऊक आहे: तपासनीस यायचा असला की वर्गात त्या दिवशी फक्त हुशार मुलं उभी राहतात. जो मिशनरी आपल्या चर्चला ‘या वर्षी काही जमलं नाही’ असं मोकळेपणी लिहू शकत नाही, त्याला त्या चर्चने पाठिंबा दिला आहे असं मी मानणार नाही, मग पाकीट कितीही जाड असो. एडनमध्ये मार्च 2016 मध्ये पळवून नेलेले केरळचे फादर टॉम उझुन्नालिल दीड वर्षाने सुटले तेव्हा देशभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. मलेरिया, एकटेपणा आणि अडखळणारी भाषा यांची बातमी होत नाही. ती निदान माहेरच्या फलकावर तरी यावी.

हो, माहेरच म्हणायचं मला. मुलगी सासरी दिली म्हणजे आई-बाप मोकळे होत नाहीत. पहिल्या सणाला आणतात, आजारपणाला जातात, ती गप्प राहिली तर का गप्प आहे ते शोधून काढतात. सिस्टर झालेल्या मुलीच्या बाबतीत आम्ही हे सगळं सोडून देतो. ती दोन-तीन वर्षांनी येते, तिचा शाल-नारळ देऊन सत्कार होतो, ती चार शब्द बोलते, मग परत जाते. त्या चार शब्दांत ती कधीच सांगत नाही की तिच्या गुडघ्यांची वाट लागली आहे.

आमच्याकडे चांगलं काही होत नाही असंही नाही. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आमच्या महिला मंडळाने कुणी न सांगता पाळ्या लावल्या. सोमवारी एका घरून डबा, मंगळवारी दुसऱ्या. मी आणि माझे यजमान दवाखान्यात अडकलो होतो, त्या दिवसांत घरात चूल पेटली नाही तरी कुणी उपाशी राहिलं नाही. एक बाई तर भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी मुद्दाम वेगळी बांधून आणायची, कारण सासूबाईंना दवाखान्यातलं जेवण गिळवत नव्हतं. भावजींना मी हे कळवलं. त्यांनी उत्तरात लिहिलं की पंप आल्यापासून गावाला पाणी मिळतं, पण शांत झोप त्यांना या डब्यांमुळे लागली. त्या डब्यांची नोंद मिशन मंडळाच्या वहीत कुठेही नाही. माझ्या मते तो त्या वर्षातला आमचा सर्वांत मोठा मिशन खर्च होता.

इतर ठिकाणी लोक हे कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत 1910 च्या सुमारास सुरू झालेली एक रीत आजही चालू आहे. भात शिजवायला घेताना बाईने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. ते चर्चच्या महिला गोळा करतात, विकतात आणि त्या पैशांतून मिझो चर्च आपल्या मिशनऱ्यांना पोसतं. वर्षातून एकदा नारळ विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, कारण ते रोज करावं लागतं. तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी 1903 मध्ये स्वतःची मिशनरी संस्था काढली आणि तेलुगू मुलखात दोर्नकलला माणसं पाठवली. मागे संस्थापकांपैकी एक असलेल्या अझरायांसारखा द्रष्टा होता, पैसे मात्र गावच्या लोकांचेच.

आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. परक्यांच्या पगारावर चालणारा उपदेश इथल्या माणसाला आपला वाटणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. विचार थोरच होता. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे की टिळकांचं औदार्य टिळकांचं असलं तरी घर लक्ष्मीबाईंना चालवायचं होतं. मागे राहणाऱ्याच्या चुलीचा विचार थोर माणसांच्या हातूनही निसटतो. तो आजूबाजूच्यांनी करायचा असतो.

आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांचं दुखणं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पूर्णवेळ कार्यकर्ता हा प्राणी मराठी माणसाने सर्व रंगांच्या झेंड्यांखाली पाहिला आहे. त्याच्या संस्थेला देणग्या मिळतात, त्याच्या घराला मिळत नाहीत. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून परिवर्तनाच्या चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं, तेव्हा त्यांनी ही नस अचूक पकडली होती. प्रकल्पाला न देता माणसाला द्यायचं, आणि त्याने त्याचं काय केलं हे विचारायचं नाही. लागू तर उघड नास्तिक. चर्चच्या मिशन मंडळाने त्यांच्याकडून शिकावं, असं मी बैठकीत म्हणाले तेव्हा एकजण दचकले.

परदेशी पैशाचंही बोलून टाकते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये बदल झाले. आता तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत येतो, एका संस्थेने घेतलेला दुसरीला देता येत नाही आणि कार्यालयीन खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे, पूर्वी ती पन्नास होती. पुष्कळ मिशनांचे हात त्यामुळे बांधले गेले. मला त्यात एक बरं दिसतं: आता स्वतःच्या खिशाकडे बघणं आलं. उलट दिशेने, म्हणजे इथून आफ्रिकेत पाठवायचे म्हटलं, तर तेही सरळ नाही. आमची चर्चं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात आणि देशाबाहेर खर्च केला की आयकराच्या सवलतीचा प्रश्न उभा राहतो. पण डोळे, दात, गुडघे, विमा, आईची शुश्रूषा हे सगळे खर्च वसईतच होतात, रजेवर आलेल्या दिवसांत. तिथे कायद्याची काही आडकाठी नाही. आडकाठी आमच्या सवयीची आहे.

धर्मांतराचा विषय टाळून हा लेख संपवला तर वाचक मला सोडणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. डांगच्या वसतिगृहात मी राहून आले आहे. तिथल्या मुली पहाटे उठून पाणी भरतात, गणितात अडतात, रात्री भुताच्या गोष्टी सांगून एकमेकींना घाबरवतात. त्यांतल्या कुणी मोठेपणी काय मानावं, हा तिचा प्रश्न; ना माझा, ना सिस्टरचा, ना सरकारचा. तांदूळ किंवा फी दाखवून कुणी कुणाचा धर्म बदलत असेल तर मला त्याची चीड येते आणि तसा एक रुपयाही माझ्या वहीतून गेलेला मला चालणार नाही. म्हणूनच वही उघडी हवी. वर्षाचा जमाखर्च चर्चच्या बाहेरच्या फलकावर लावावा, जिथून येणारा-जाणारा हिंदू शेजारीही तो वाचू शकेल. आमच्यातल्या काहींना याची भीती वाटते. मला न लावण्याची जास्त वाटते.

मी मंडळापुढे ठेवलेला प्रस्ताव साधा आहे. मिशन रविवारला हात लावायचा नाही. ते अर्पण जिथे जातं तिथे जाऊ दे. फेब्रुवारीतल्या गोन्सालोच्या सणाला दुसरी पेटी ठेवायची, जिचे पैसे फक्त आमच्या धर्मग्रामातून गेलेल्या माणसांच्या अंगावर आणि त्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांवर खर्च व्हायचे. कुठेही नावाची पाटी नाही. जारिकोच्या रीतीने दहा घरांमागे एक मिशनरी वाटून द्यायचा. त्या दहा घरांनी त्याला पत्रं लिहायची, आणि त्याची उत्तरं फलकावर लावायची नाहीत. रजेवर आलेल्याचा सत्कार दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या आठवड्यात दवाखाना. त्याच्या आई-बापांपैकी कुणी गेलं तर तिकिटासाठी कुणाच्या सहीची वाट पाहायची नाही.

आमच्या धर्मग्रामाचे फादर म्हणाले, कल्पना चांगली आहे. खजिनदारांना ती पसंत नाही. त्यांचं म्हणणं, लोक विहिरीला देतील, चष्म्याला देणार नाहीत. आणि हिशेबतपासनीस विचारेल की हा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकला. मी म्हटलं, ‘मिशन’ या शीर्षाखाली टाका. ते म्हणाले, मिशन म्हणजे काम, व्यक्ती नव्हे. यावर अर्धा तास गेला. शेवटी प्रस्ताव पुढच्या बैठकीवर ढकलला, पण आमच्या आळीतल्या दहा घरांना एक सिस्टर तूर्त वाटून देण्यापुरती मंजुरी मिळाली. त्या जानेवारीत घरी येत आहेत. ऑर्थोपेडिकची वेळ घेऊन ठेवली आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर त्या म्हणतील, “पाहू.”